आठ बाय दहाचे स्वयंपाकघर आखताना

स्वयंपाकघर नव्याने करायचे आहे असे एखाद्या दुकानात जाऊन सांगितले, की समोरचा माणूस आधी रंगांचे नमुने पुढ्यात ठेवतो. लॅमिनेट हवे की ॲक्रिलिक, चकचकीत हवे की मॅट, हँडल दिसणारे हवे की लपलेले, या प्रश्नांत एक संध्याकाळ सहज निघून जाते. सांडपाण्याची लाइन कोणत्या भिंतीतून जाते, घरात स्वयंपाक कोण करते आणि रोज पोळ्या किती होतात, हे मात्र कोणी विचारत नाही. पुण्यातल्या आमच्या जुन्या सदनिकेचे स्वयंपाकघर नवे करताना आम्ही हा क्रम उलटा लावला. जे एकदा भिंतीत किंवा जमिनीत गेले की हलवता येत नाही ते आधी ठरवायचे आणि जे स्क्रू काढून बदलता येते ते शेवटी, एवढेच धोरण होते. बाकीचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघाले.

बिल्डरने दिलेल्या मूळ स्वयंपाकघराने आम्हाला बरेच शिकवले होते. खोली आठ फूट रुंद आणि दहा फूट लांब. पूर्वेच्या आखूड भिंतीला खिडकी, तिच्याखाली ओटा आणि ओट्यावर बरोबर खिडकीसमोर शेगडी. वारा असला की ज्योत एका बाजूला झुकायची, म्हणून खिडकी लावून घ्यायची आणि खिडकी लावली की फोडणीचा धूर घरभर, हा प्रकार वर्षानुवर्षे चालला होता. सिंक कोपऱ्यात इतके चेपलेले होते, की कुकर विसळताना डावे कोपर भिंतीला घासायचे. विजेचा एकुलता एक बोर्ड त्या सिंकच्याच वर होता. फ्रिजला आत जागाच नव्हती, त्यामुळे तो जेवणाच्या टेबलाशेजारी उभा असे आणि कोथिंबिरीच्या दोन काड्यांसाठीही खोलीबाहेर जावे लागे. यातली एकही गोष्ट शटरचा रंग बदलून सुधारणारी नव्हती.

कागदावर आखणी सुरू केली तेव्हा स्वयंपाकघराच्या आखणीचा इतिहासही थोडा चाळला. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातील नव्या वसाहतींसाठी मार्गारेट श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जे स्वयंपाकघर आखले, ते आजच्या बसवून मिळणाऱ्या स्वयंपाकघरांचे मूळ मानले जाते. त्याचे माप सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटर होते, म्हणजे आमच्या खोलीपेक्षाही थोडे लहानच. कामांना लागणारा वेळ मोजून, पावले वाचवून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती. डाळ-तांदळासारख्या सामानासाठी मूठ असलेले ॲल्युमिनियमचे कप्पेसुद्धा होते. मात्र ते स्वयंपाकघर एकट्या बाईने एकटीने काम करण्यासाठी होते. आमच्याकडे सकाळी डब्यांच्या वेळी मी, माझा नवरा आणि सासूबाई असे तिघे आत असतो. त्यामुळे फ्रँकफर्टची शिस्त घ्यायची, पण अरुंदपणा घ्यायचा नाही, असे ठरवले.

दुकानातल्या संगणकावर आमच्यासाठी जे चित्र तयार झाले, त्यात दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर ओटे होते. चित्र देखणे होते आणि ओट्याची लांबी भरपूर दिसत होती. पण आठ फुटांचे शहाण्णव इंच होतात, त्यातून दोन्ही बाजूंचे चोवीस-चोवीस इंच गेले की मधे अठ्ठेचाळीस उरतात. ओट्याखालची ट्रॉली पूर्ण ओढली की साधारण वीस इंच बाहेर येते. समोरासमोरच्या दोन ट्रॉल्या एकाच वेळी उघड्या राहिल्या तर मधे आठ इंच. त्या आठ इंचांत उकळत्या आमटीचे पातेले घेऊन कोणी कसे वळायचे, याचे उत्तर संगणकात नव्हते. घरी येऊन आम्ही जमिनीवर खडूने ओटे आखले आणि ट्रॉल्यांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी ठेवून तिघेही एकाच वेळी आत वावरून पाहिले. समोरासमोरच्या ओट्यांचा विचार तिथेच संपला.

शेवटी ओटा इंग्रजी एल अक्षरासारखा घेतला: दक्षिणेच्या लांब भिंतीला शेगडी आणि फ्रिज, पूर्वेला खिडकीखाली सिंक, आणि उत्तरेच्या भिंतीला फक्त पंधरा इंच खोलीचे उभे कपाट. मधे सत्तावन्न इंच मोकळे राहिले. कमी खोलीच्या कपाटाबद्दल सुताराने नापसंती दाखवली, कारण त्याच्या हिशेबाने नऊ इंच जागा वाया जात होती. प्रत्यक्षात दोन फूट खोल कपाटात मागच्या रांगेत गेलेला साबुदाण्याचा डबा पुढच्या चतुर्थीपर्यंत दिसत नाही. पंधरा इंचांत एकामागे एक दोनच डबे मावतात, आणि दोन्ही दिसतात.

फ्रिज, सिंक आणि शेगडी यांच्यातील त्रिकोणाचा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्रिकोणाची प्रत्येक बाजू चार ते नऊ फुटांच्या आत असावी आणि तिन्हींची बेरीज सव्वीस फुटांच्या वर जाऊ नये, असे तो सांगतो. आमच्यासारख्या छोट्या खोलीत बेरीज जास्त होण्याची भीती नसतेच. उलटी अडचण असते, तिन्ही वस्तू एकमेकींना खेटतात आणि चिरायला जागा उरत नाही. म्हणून आम्ही त्रिकोणापेक्षा मधल्या मोकळ्या ओट्याकडे अधिक लक्ष दिले. सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये कोपरा धरून सलग तीन फुटांहून जास्त जागा ठेवली, कारण धुणे, चिरणे, फोडणीला टाकणे हा रोजच्या कामाचा ओघ तिथूनच जातो. शेगडीच्या दुसऱ्या बाजूला, फ्रिजच्या अलीकडे, सव्वादोन फूट सोडले. उतरवलेला कुकर तिथे टेकतो, फ्रिजमधून काढलेले दूधही तिथेच येते आणि फ्रिजला शेगडीची धग लागत नाही.

शेगडी दक्षिणेला नेण्यावर घरात बरीच चर्चा झाली. वास्तुशास्त्राप्रमाणे अग्नी आग्नेय कोपऱ्यात आणि स्वयंपाक करणाऱ्याचे तोंड पूर्वेला असावे, असे मानतात. आमच्या नव्या आखणीत जागा आग्नेयेचीच राहत होती, पण तोंड दक्षिणेला होत होते. मी सासूबाईंना दोन्ही नकाशे दाखवले आणि पूर्वेला तोंड हवे असेल तर शेगडी पुन्हा खिडकीच्या वाऱ्यात येईल किंवा कोपऱ्यात अडकेल, हे सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं पूर्वेला तोंड करून विझणारा गॅसच पेटवत बसले. जागा आग्नेयेची आहे ना, मग पुरे." वास्तूचा आग्रह असलेल्या घरांमध्ये ही बोलणी गवंडी येण्याआधी व्हावीत, गॅसची लाइन फिरवून झाल्यावर कोणाचे मत बदलले तर खर्च दुप्पट होतो.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ओट्याच्या उंचीवर घालवला. जुना ओटा तीस इंचांचा होता आणि माझ्या पाठीला ते रोज जाणवत असे. ताठ उभे राहून कोपर काटकोनात वाकवले, की कोपरापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे, हा ढोबळ हिशेब आहे. माझी उंची पाच फूट तीन इंच. माझ्यासाठी उत्तर चौतीस-पस्तीस आले. सासूबाईंसाठी ते बत्तिसाच्या आत येत होते आणि नवऱ्यासाठी अडतिसाच्या आसपास.

पण आकड्यांवर न थांबता आम्ही विटांवर प्लायवूडचा तुकडा ठेवून तात्पुरता ओटा केला आणि एकेक वीट, एकेक फळी कमी-जास्त करत त्यावर खरी कामे करून पाहिली. तेव्हा लक्षात आले की 'ओट्याची उंची' ही एक गोष्ट नसून कामागणिक ती वेगळी असते. पोळपाट ठेवला की पृष्ठभाग दीड-दोन इंच वर येतो, आणि पोळी लाटताना खांद्यातून जोर द्यायचा असल्याने उलट खाली यायला हवा. चौतीस इंचांवर कांदा चिरणे छान जमत होते, त्याच उंचीवर पोळपाट ठेवून दहावी पोळी लाटताना खांदे वर उचलले जात होते. साधी शेगडी ओट्यावर ठेवली तर बर्नर आणखी चार-पाच इंच वर जातो. त्यावर खोल पातेले चढले की सासूबाईंना आतले दिसत नव्हते, झाऱ्याचा दांडा मात्र तोंडासमोर येत होता. सिंकमध्ये याच्या नेमके उलट. तिथे हात ओट्यावर नव्हे तर भांड्याच्या तळाशी काम करतात, म्हणून दहा इंच खोल सिंक घेतले तर उंच माणसाला वाकावेच लागते.

यातून असे ठरले: ओटा चौतीस इंच, शेगडी ओट्याला खाच करून आत बसणारी (हॉब), म्हणजे बर्नर फार वर जाणार नाही, सिंक आठ इंच खोल, आणि पोळ्यांसाठी उत्तरेच्या कपाटात अठ्ठावीस इंचांवर आत-बाहेर सरकणारी जाड फळी, जिच्यापुढे खुर्ची घेऊन बसता येते. पूर्वीच्या बायका बसून लाटत होत्या आणि ते काही चुकीचे नव्हते. नवऱ्याला चौतीस इंच थोडे कमीच पडतात, पण ठेंगण्या माणसाला उंच ओट्यावर उकळते तेल हाताळणे धोक्याचे असते आणि उंच माणसाला बुटका ओटा फक्त त्रासाचा, तेव्हा कौल कुठे द्यायचा हे उघड होते.

चिमणीची उंचीही इथेच ठरवावी लागते. शेगडी आणि चिमणी यांच्यात साधारण सव्वीस ते तीस इंच अंतर ठेवतात. आमच्याकडे चौतिसात अठ्ठावीस मिळवले की चिमणीची खालची कड बासष्ट इंचांवर येते, म्हणजे पाच फूट नऊ इंच उंचीच्या माणसाच्या बरोबर नाकापाशी. म्हणून पुढे आलेल्या सपाट चिमणीऐवजी तिरकी घेतली. धूर बाहेर नेणारा सहा इंच व्यासाचा पाइप जितका आखूड आणि जितका सरळ, तितके ओढणे चांगले. प्रत्येक वळणाला जोर कमी होतो. चिमणीची ताकद जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यावरून जोखण्यापेक्षा पाइपला किती कोपरे पडणार, हे पाहिलेले बरे. आमच्या पाइपला पूर्वेच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत एकच वळण पडले, कारण भोक कुठे पाडायचे हे टाइल्स लावण्याआधीच ठरले होते. शेगडीच्या दोन्ही बाजूंना वरची कपाटे फूटभर दूर ठेवली. कुकरच्या शिट्टीची वाफ रोज त्याच कोपऱ्यावर बसली, की लॅमिनेटची कड सुटायला वेळ लागत नाही.

गॅसच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी लोक विचारात घेतात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. त्यामुळे सिलिंडरच्या कपाटाला झरोके तळाशी हवेत आणि पाइपच्या गॅसची तोटी असलेल्या कपाटाला वरच्या बाजूला. दुकानदार दोन्हींना एकच शटर विकतो. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे, म्हणून वरच्या कडेला जाळी घेतली आणि तोटी ट्रॉलीच्या मागे न ठेवता, शटर उघडताच हाताला येईल अशी बाजूला घेतली. गॅसचा पाइप टाइल्सच्या आड गाडून टाकण्याचा सल्लाही मिळाला होता. तो आम्ही मानला नाही. लाइन हलवण्याचे काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घेतले आणि हॉब घेताना त्याचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडे, नैसर्गिक गॅसची आहेत ना, हे तपासले. या गॅसचा दाब कमी असल्याने त्याच्या जेटचे भोक मोठे असते. सिलिंडरचे जेट तसेच राहिले तर ज्योत मरतुकडी येते.

विजेची यादी मी नकाशावर न करता एका सकाळच्या कामांवरून केली. मिक्सर, फ्रिज, वॉटर प्युरिफायर आणि चिमणी ही नेहमीची मंडळी. मायक्रोवेव्ह आणि किटली जास्त वीज ओढणारी. शिवाय एक अश्वशक्तीची घरघंटी, जिला बहुतेक नकाशांत जागाच नसते. घरघंटीला स्वतंत्र सोळा अँपिअरचा पॉइंट कपाटाच्या तळाशी दिला, कारण ती जड असते आणि पीठ उडवते, तेव्हा तिला ओट्यापासून दूरच बरे. फ्रिजची लाइन वेगळी घेतली. ओट्यावरचे पॉइंट ओट्यापासून नऊ इंच वर आणि सिंकपासून लांब ठेवले, आणि संपूर्ण स्वयंपाकघराला तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, बसवली. ओल्या हाताने मिक्सर लावणाऱ्या घरात तिच्यावर काटकसर करू नये. दिव्यांचेही असेच: छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाची सावली नेमकी विळीवर पडते, म्हणून वरच्या कपाटांच्या तळाला पुढच्या कडेपाशी पट्टीचे दिवे घेतले.

सामानाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. प्लायवूडवर आयएस ७१० चा शिक्का पाहावा. या प्रतीच्या प्लायची परीक्षा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून होते. पण उत्तम प्लायसुद्धा पाइपसाठी पाडलेल्या उघड्या भोकातून पाणी पितेच, म्हणून प्रत्येक भोकाची आणि कापलेली कड सील करून घेतली. सिंकखाली तर आम्ही प्लाय वापरलेच नाही. तिथे जुन्या पद्धतीने कडप्प्याच्या उभ्या फरशा लावल्या आणि पुढे फक्त शटर घेतले. दुकानदाराला हे जुनाट वाटले. मला सिंकखाली जुनाटच हवे होते. जाळीच्या ट्रॉल्या ३०४ प्रतीच्या स्टीलच्या घेतल्या. २०२ चे स्टील स्वस्त पडते, पण त्यात निकेल कमी असल्याने दमट जागी लवकर गंजते. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घेतली. ओट्यावर सांडलेले पाणी त्या खाचेशी थांबून थेंबाथेंबाने खाली पडते, दगडाच्या पोटाने आत शिरून शटरवर उतरत नाही. दोन सुतांच्या या खाचेला खर्च जवळजवळ नाही, पण ती दगड बसवण्याआधीच मारावी लागते.

एल अक्षराचा आतला कोपरा ही अशा ओट्याची अडचणीची जागा. फिरत्या ट्रॉल्यांची महागडी यंत्रणा पाहिली. तिच्यात मावणारे सामान तिच्या किमतीच्या मानाने फारच थोडे वाटले. आम्ही कोपरा साधा ठेवला आणि त्यात गौरी-गणपतीला आणि दिवाळीच्या फराळाला लागणारी मोठी कढई, चकल्यांचा सोऱ्या, पुरणयंत्र अशी वर्षातून थोड्याच वेळा निघणारी भांडी ठेवली. वाकून काढावी लागतात, पण रोज नाही.

पुण्यातल्या सदनिकांमध्ये स्वयंपाकघराला जोडून जी ड्राय बाल्कनी असते, तिचा विचार स्वयंपाकघराच्या नकाशात सहसा होत नाही, आणि खरे पाहता घरातली निम्मी भांडी तिथेच घासली जातात. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी विचारले की त्यांना काय अडते. त्यांनी लगेच दोन गोष्टी दाखवल्या. नळ इतका खाली होता, की मोठे पातेले त्याच्याखाली उभे राहत नसे, ते तिरके धरूनच विसळावे लागे. आणि उतार उलटा असल्यामुळे पाणी जाळीकडे जाण्याऐवजी स्वयंपाकघराच्या दारापाशी साचायचे. "ताई, मी रोज निम्मं पाणी खराट्यानं ढकलते," असे त्या म्हणाल्या. आम्ही तिथली फरशी उखडून उतार नव्याने काढला, टाइल्स लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून पाणी साठवून ठेवून गळती तपासली, नळ वर घेतला आणि दाराला ग्रॅनाइटचा उंबरठा दिला. या कामावर झालेला खर्च पाहुण्यांना दिसत नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला मात्र तो नक्कीच कळतो.

भिंतीतल्या सगळ्या लाइन टाकून झाल्यावर आणि त्यांवर गिलावा चढण्याआधी आम्ही आणखी एक काम केले. प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी आडवी आणि उभी धरून फोटो काढले, म्हणजे कोणता पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आणि जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे फोटोतच वाचता येते. ते फोटो कागदावर छापून धान्याच्या कपाटाच्या शटरला आतून चिकटवले आहेत. पुढे वॉटर प्युरिफायर बसवायला आलेल्या मुलाने ड्रिल भिंतीला लावले, तेव्हा मी त्याला आधी तो कागद दाखवला. तो ज्या जागी भोक पाडणार होता, तिथून दोन इंचांवर पाण्याची लाइन होती. त्याने यंत्र हातभर डावीकडे सरकवले, आणि ते आता तिथेच आहे.